कळकलेलं दूध: पेशीत तांबं साठतं तेव्हा

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, आजीचं ते पितळी पातेलं माळ्यावर आहे ना अजून? घासूनपुसून घेते आणि बाळाचं दूध त्यातच तापवते. सगळे म्हणतात, जुनी भांडीच चांगली." बाळ सात महिन्यांचं. वरच्या दुधाची नुकतीच चर्चा सुरू झालेली. मी तिला घाईघाईने म्हटलं, "पातेलं ने, पण दूध नको. का ते लिहून पाठवते." लिहायला बसले आणि लक्षात आलं की हे कारण फक्त एका पातेल्याचं नाही. आपल्या प्रत्येक पेशीत धातूंचा जो हिशेब अहोरात्र चाललेला असतो, त्याची ही गोष्ट आहे. म्हणून सगळंच लिहिते.

मराठीत एक शब्द आहे, कळकणे. पितळी भांड्यात ताक राहिलं, आमटीत चिंच जास्त पडली, की पदार्थ कळकतो. रंग हिरवट होतो, चव तुरट-कडवट लागते, मळमळतं. भांड्यातलं तांबं आंबटपणामुळे विरघळून पदार्थात उतरलेलं असतं. (पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू.) आपल्या आज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कळकलेलं ताक त्या बेधडक ओतून द्यायच्या. कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहायच्या. आंबटाच्या बाबतीत सगळ्या सावध होत्या. दुधाबद्दल मात्र कुणालाच शंका आली नाही, कारण दूध आंबट नसतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, हे कुणाला दिसणार? त्याच पातेल्यात तेवढाच वेळ साधं पाणी ठेवलं तर त्यात तांबं फार कमी उतरतं, दुधात कितीतरी जास्त. त्यातून आपल्याकडे दूध सकाळी तापवायचं, दुपारी तापवायचं, रात्री तापवायचं आणि त्याच भांड्यात ठेवून द्यायचं, अशी रीत.

आता हे तांबं पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू.

तांबं हे विष नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. ते आपल्याला लागतंच. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास तांबं असतं, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. पण पेशीने श्वासातला ऑक्सिजन वापरायचा शेवटचा टप्पा तांब्यावाचून होत नाही. लोखंडाची ने-आण, केसांचा आणि त्वचेचा रंग, रक्तवाहिन्यांची लवचीकता, सगळीकडे ते लागतं. दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम आपल्याला डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू यांतून सहज मिळतं.

तांबं उपयोगी पडतं ते त्याच्या एका गुणामुळे. ते इलेक्ट्रॉन सहज देतं आणि सहज घेतं. पेशीला रासायनिक कामं उरकायला असा देणारा-घेणारा हवाच असतो. पण हाच गुण मोकाट सुटला तर घात करतो. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात नेहमीच तयार होत असतं. मोकळं तांबं किंवा मोकळं लोह त्याला भेटलं की त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय तापट कण निर्माण होतो. लोहाच्या बाबतीत ही प्रक्रिया हेन्री फेंटन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली मांडली. हा कण समोर येईल त्याला डसतो. पेशीच्या पडद्यातली चरबी, प्रथिनं, डीएनए, काहीही सोडत नाही.

म्हणून पेशी तांब्याला मोकळं फिरूच देत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पेशीच्या भिंतीत तांब्यासाठी खास दार आहे. दारातून आत आलेला अणू लगेच एका छोट्या प्रथिनाच्या हाती पडतो. प्रत्येक वाटेचा वाहक वेगळा. एक त्याला पेशीच्या ऊर्जाघराकडे, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाकडे नेतो, दुसरा संरक्षक एन्झाइमकडे, तिसरा बाहेर टाकणाऱ्या पंपाकडे. विहिरीवरून घागर हातोहात पुढे जावी आणि मध्ये कुठे जमिनीला टेकू नये, तसं. १९९९ साली अमेरिकेत थॉमस ओहॅलोरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशीवर काम करून हिशेब मांडला, तेव्हा एका पेशीमागे मोकळा असा तांब्याचा एक अणूसुद्धा भरत नव्हता. पेशीत तांब्याचे हजारो अणू असतात, पण सगळे कुणाच्या ना कुणाच्या हातात.

येणं जास्त झालं तर? त्यासाठी पेशीकडे कोठार आहे. मेटॅलोथायोनीन नावाचं एक लहानसं प्रथिन. त्याच्या साठ-पासष्ट दुव्यांच्या साखळीत तब्बल २० दुवे सिस्टीनचे, म्हणजे गंधकवाले असतात. गंधक आणि तांबं यांचं घट्ट जमतं. जास्तीचं तांबं आलं की पेशी हे प्रथिन भराभर बनवते आणि तांबं त्यात बांधून ठेवते. तेही कमी पडलं तर तांबं लायसोसोम नावाच्या पिशव्यांत कोंबलं जातं. यकृताच्या तुकड्यावर ऑर्सीन हा रंग घातला की असं साठलेलं तांबं सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी कणांसारखं दिसतं. हे कण दिसू लागणं म्हणजे कोठार भरत आल्याची खूण.

आणि बाहेर जाण्याचा रस्ता? तो जवळपास एकच आहे. लघवीवाटे तांबं फारच थोडं जातं. यकृतातल्या पेशी ते एका पंपाने पित्तात टाकतात, पित्त आतड्यात उतरतं आणि तिथून ते बाहेर पडतं. या पंपाचं नाव एटीपी७बी. नाव रुक्ष आहे, पण लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता बाळाकडे येऊ. आईच्या पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आपल्या यकृतात तांब्याचा मोठा साठा करून ठेवतं. जन्मतः त्याच्या यकृतात तांब्याचं प्रमाण मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असतं. ही शिदोरी असते, कारण दुधात तांबं अगदीच कमी. आईच्या दुधातही थोडं, गाईच्या दुधात त्याहून थोडं. पुढचे काही महिने बाळ या शिदोरीवर काढतं, आणि पित्तावाटे तांबं बाहेर टाकायची यंत्रणा हळूहळू तयार होत जाते. म्हणजे निसर्गाने धरलेला हिशेब असा, की कोठार भरलेलं आहे, बाहेरचं दार अजून पुरतं उघडलेलं नाही, पण हरकत नाही, कारण दुधातून नवीन तांबं येणारच नाही. पितळी पातेल्याने नेमका हा हिशेब चुकवला.

आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या एक बालरोग होता. घरोघरी त्याला 'लिव्हर' म्हणत. "त्यांच्या धाकट्याला लिव्हर झालं" एवढं ऐकलं की पुढचं बोलायची गरज नसे. डॉक्टरी पुस्तकांत इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कोलकात्यातल्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. सहा महिने ते तीन-चार वर्षांचं मूल. आधी किरकिर, मग पोट मोठं दिसू लागायचं, हात लावला तर उजवीकडे यकृत दगडासारखं टणक आणि धारदार कडेचं लागायचं. मग कावीळ, पोटात पाणी. कावीळ दिसू लागल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावत. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जात, म्हणून लोक त्याला घराण्याचा दोष समजत. किती आयांनी हा दोष स्वतःच्या कपाळी घेतला असेल, याचा विचार केला की आजही जीव कळवळतो.

या मुलांच्या यकृतात तांबं भयंकर असायचं. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम वाळलेल्या ऊतीत ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं; या मुलांत ते ८०० च्या वर आणि अनेकदा हजारांत जायचं. हे आलं कुठून, या प्रश्नाचा माग पुण्यात लागला. के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत काम केलं. त्यांनी फक्त रक्त आणि यकृत तपासलं नाही, तर बाळाला काय पाजलं, कधीपासून पाजलं आणि कोणत्या भांड्यातून पाजलं, हे विचारलं. १९८३ साली 'द लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. एका घरात दोन मुलं का जात, याचा एक उलगडाही झाला. दोन्ही मुलांचं दूध त्याच पातेल्यातलं.

या पथकाने उपचारही केले. पेनिसिलामीन हे औषध तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. आजार लवकर ओळखून ते सुरू केलं तर मुलं वाचू लागली. आणि एक फार बोलकी गोष्ट दिसली. वाचलेल्या मुलांचं औषध काही वर्षांनी बंद केलं, तरी तांबं पुन्हा साठलं नाही. म्हणजे तोवर बाहेरचं दार नीट चालू झालेलं होतं. ऐन दार बंद असतानाच्या महिन्यांत पोटात गेलेल्या तांब्याने घात केला होता.

असंच ऑस्ट्रियातही घडलं. टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृताच्या आजाराने १३८ तान्ही मुलं गेली. तिथेही गाईचं दूध, तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी. भांडी बदलली आणि आजार गेला. जर्मनीत काही घरांत विहिरीचं आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळातून यायचं आणि त्यात बाळाचं दूध कालवलं जायचं. तिथेही बाळांना हेच झालं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. सगळं खापर पातेल्यावर फोडणं काही संशोधकांना मान्य नाही. पितळी भांडी लाखो घरांत होती, मग आजार मोजक्याच मुलांना का? टायरॉलच्या कुटुंबांचा अभ्यास झाला तेव्हा तिथे आनुवंशिक कलही दिसला. मला स्वतःला हे दोन्ही एकत्र धरणं योग्य वाटतं. काही बाळांचं दार जन्मतः जरा जास्त आवळलेलं असणार, आणि पातेल्याने त्यांनाच गाठलं. आपल्याकडे १९७० नंतर घराघरांत स्टील आलं, पितळ माळ्यावर गेलं, आणि बालरोगतज्ज्ञांच्या पुढच्या पिढीला हा आजार जवळजवळ पाहायलाच मिळाला नाही.

तांबं साठल्यावर पेशी नेमकी मरते कशी? बराच काळ उत्तर एवढंच होतं की तो तापट हायड्रॉक्सिल कण सगळं जाळतो. ते खरंच आहे, पण २०२२ साली आणखी एक वाट सापडली. जास्तीचं तांबं मायटोकॉन्ड्रियातल्या काही ठरावीक प्रथिनांना चिकटतं. ही प्रथिनं अन्नातून ऊर्जा काढण्याच्या चक्रातली. तांबं लागलं की ती एकमेकांत अडकून गोळा होतात, चक्र ठप्प होतं आणि पेशी मरते. पेशीच्या अशा मरणाला शास्त्रज्ञ क्युप्रॉप्टोसिस म्हणतात. मेलेल्या पेशींच्या जागी यकृतात चिवट धागे विणले जातात, जखमेवर वण यावा तसे. वण वाढत गेले की यकृत टणक होतं, आणि त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. दारू न प्यायलेल्या दोन वर्षांच्या मुलाला सिऱ्हॉसिस कसा, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आता तो पंप, एटीपी७बी. काही माणसांत आई आणि वडील या दोघांकडूनही त्याचं बिघडलेलं जनुक येतं. त्यांच्या घरी पितळेचं एकही भांडं नसलं, तरी रोजच्या जेवणातलं तांबंच साठत जातं. हा विल्सनचा आजार. सॅम्युअल किनिअर विल्सन यांनी तो १९१२ मध्ये वर्णन केला, जनुक सापडलं १९९३ मध्ये. साधारण ३०,००० माणसांत एकाला. आधी यकृत भरतं, मग तांबं सांडून मेंदूत जातं. शाळेतल्या मुलाचं अक्षर बिघडतं, हात कापतो, बोलणं जड होतं, स्वभाव बदलतो. डोळ्याच्या बुबुळाभोवती सोनेरी-तपकिरी कडं दिसतं. घरचे अभ्यासाचा ताण म्हणतात, वर्षं निघून जातात. ओळखला तर उपचार आहे, हे मी ठासून सांगते. पेनिसिलामीन आहे, आणि जस्ताच्या साध्या गोळ्याही आहेत. जस्त काय करतं ते पाहण्यासारखं आहे. ते आतड्याच्या पेशींना मेटॅलोथायोनीन बनवायला लावतं. मग जेवणातलं तांबं आतड्याच्याच पेशीत बांधलं जातं. या पेशी काही दिवसांनी आपोआप गळून पडतात, आणि तांबं रक्तात न जाताच बाहेर. एका भावंडाला हा आजार निघाला तर बाकीच्यांची तपासणी केलीच पाहिजे, कारण प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक.

लोहाची तऱ्हा आणखी अवघड. लोह बाहेर टाकायला शरीरात दारच नाही. कातडी आणि आतड्याच्या पेशी झडतात त्यातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम जातं, तेवढंच. म्हणून शरीर लोह आत घेतानाच हात आखडता ठेवतं. पण थॅलसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, आणि रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. ते यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात साठतं. रक्त मिळालं म्हणून मूल हसतं-खेळतं दिसतं, पण लोह काढायचं औषध चुकत राहिलं तर पुढे हृदय दगा देतं.

कॅडमियम आणि शिसं हे मात्र शरीराचे कुणीच लागत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं दार नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या नावाने शिरतात. कॅडमियम लोखंडाच्या दाराने येतं आणि मूत्रपिंडात मेटॅलोथायोनीनमध्ये बांधलं जातं, त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या दुखण्याचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय' असं पडलं. सिगारेटच्या धुरातही कॅडमियम असतं. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन हाडात जाऊन बसतं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. आपला शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड आहे, तो मुलांच्या हाती लागू देऊ नका.

शिशावरून पुन्हा पातेल्याकडे येते. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. पातेलं चांगलं तापलं की तो त्यात नवसागराची पूड टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झणझणायचं. त्या पुडीने पितळेवरचा मळ आणि ऑक्साइडचा थर निघून जातो. मग कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी वितळायची. तो कापसाच्या बोळ्याने ती भराभर फिरवायचा आणि पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होऊन जायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. हा कथलाचा थर म्हणजे दूध आणि तांबं यांच्यामधला पडदा. कथील शरीरात फारसं शोषलंच जात नाही. पण कथील महाग, शिसं स्वस्त. कांडीत शिसं मिसळलेलं असलं तर तांबं टाळायला जाऊन आपण शिसं ताटात वाढून घेतो. आणि रोजच्या घासण्याने, डावाच्या ओरखड्याने थर झिजतोच. आत कुठे पिवळं दिसू लागलं की कल्हई संपली म्हणून समजायचं.

तर भाचीला असं कळवलं. बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात गाई-म्हशीचं दूध बाळाचं मुख्य दूध म्हणून द्यायला नकोच म्हणतात, तेव्हा तुझं दूध चालू ठेव. पुढे वरचं दूध सुरू करशील ते स्टीलमध्ये तापव. तांब्याच्या कळशीतलं पाणी मोठ्यांनी प्यायला हरकत नाही, पाण्यातल्या तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. पण त्यात लिंबू, कोकम, ताक घालू नकोस आणि बाळाला त्यातलं देऊ नकोस. घरात यकृताचा आजार असेल, विशेषतः विल्सनचा, तर कळशीही नको. पातेलं ने, खात्रीच्या माणसाकडून शुद्ध कथलाची कल्हई करून घे, आणि त्यात दिवाळीला शंकरपाळ्यांचं पीठ मळ. आजी त्यातच मळायची.